वेशीची कमान

सकाळी हिंगोलीच्या दवाखान्यात तातेरावांची बायको, मंजुळाबाई, वारली. भावाला तिच्यापाशी ठेवून ते कुरुंद्यात राहणाऱ्या लेकीला, शिवकन्येला, सांगायला कुरुंद्यावरून पुढे जाणाऱ्या एसटीत बसले. पुढच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते.

"ताई, शहर बांधायचा नवा गेम आलाय. नेट कॅफेत नंबर लागत न्हाई!"

"तू काय बांधलं?"

"आधी वेशीची कमान. आबांच्या नावाची."

"येड्या! अन् दवाखाना?"

"पैसेच न्हाई उरले. माणसं मरून राहिली."

"मग रे?"

"काही न्हाई. घर रिकामं झालं की दुसरे येतात राहायला."

"अन् त्या घरातलं लेकरू?"

"गेममध्ये लेकरं दिसत न्हाईत, ताई."

कंडक्टर जवळ आला.

"उतरा बाबा, कुरुंदा आलं."

"पुढचं तिकीट द्या," तातेराव म्हणाले.

शिवकन्येला सांगायचं राहिलंच.