मावशीचं उभं भात

नाय, नाय, काढा तो हार! निर्माता म्हणे... तुमाला सांगतो, लाज वाटते हो! डोळखांबातला पहिला पिक्चरवाला मी, सापगावपर्यंत बॅनर काय, फटाके काय... आणि केलं काय? सख्ख्या मावशीच्या भाताची वाट लावली!

अहो, आमची धोंडीबाई मावशी. भात पिकून पिवळं, कापायला बायका ठरलेल्या. आणि डायरेक्टर काय बोलतात? "साहेब, पीक उभं ठेवा, हिरॉईनची तारीख नाही!" गेलो मी. "मावशी, तुझं शेत पडद्यावर येणार गो!" झालं! बारा दिवस ती बांधावर बसून, डबा बडवत पाखरं हाकलत होती. तेराव्या दिवशी हिरॉईन आली, शेतातून तीनदा पळाली, गाडीत बसून गेली... दाणा सगळा खाली झडलेला. मावशी वाकून वाकून वेचतेय आणि मलाच सांगते, "असू दे रे, शेत तर दिसंल ना?" म्हटलं, दिसंल म्हणजे काय! निर्माता ना मी!

मग मुंबईत तो एडिटर म्हणतो, "सर, हे शेत जरा गावठी वाटतंय. उडवू?" आता मी कोण मोठा शहरातला? पण त्या एसीत, त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत... "उडवा उडवा," म्हणालो! कशाला म्हणालो हो?

मावशीला सांगायचा धीर नाय झाला. काल दुपारच्या खेळाला आली की ती शहापूरला, नवं लुगडं नेसून, जीपभर बायका घेऊन! पिक्चर संपला, मी पोस्टरमागं लपलो, तरी गाठलंच. "सूरज, मेला डोळा लागला वाटतं माझा. शेत येऊन गेलं रे! उद्या तू बाजूला बस, डुलकी आली तर चिमटा काढ." बाकीच्या बायका जमिनीकडं बघत जीपकडं निघाल्या. खरं बोलायला तोंड उघडलं... आणि "बरं मावशी" निघालं!

आज थेटरात आमी दोघंच. ती डोळे ताणून बघतेय, पापणी पण मिटत नाय. संपला पिक्चर! वळली माझ्याकडं. "का रे, चिमटा नाय काढलास?"

काय सांगू? मान खाली घालून म्हणालो, "मावशी... माझापण डोळा लागला."

"अगं बाई! मग उद्या शेजारच्या भागीला आणू. ती नाय झोपत."

आता मारुतीला नारळ बोललोय, रातोरात पिक्चर थेटरातून उतरू दे! निर्माता ना मी!