रविवारचं वाहून जाणं

—रडायचं नाही. रडायचंच असेल तर पाण्यात जाऊन रड, तिथे खपून जातं. बस इथे, माझ्या बोर्डवर बस. ऋतिका ना तू? तिसराच क्लास तुझा, आणि तिन्ही वेळा वाऱ्याने तुला ढकलत ढकलत पार त्या दक्षिणेच्या टोकाला नेऊन टाकलं, आणि तिथून बोर्ड डोक्यावर घेऊन अर्धा तास वाळूतून वरात — मग काय झालं? सगळ्यांचं होतं. मी अकरा रविवार वाहून गेलेय. अकरा. हसू नकोस. साठीला दोन कमी आहेत मला, आणि विक्रोळीच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलीय मी, माझ्यासमोर हसणाऱ्याला मैदानाला दोन फेऱ्या असायच्या.

हे सामान माझं नाही गं, मुलाचं. हर्षदने हौसेने घेतलं, दोनदा आपटला आणि नोकरी लागली म्हणून कॅनडाला गेला. बोर्ड राहिला हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी उभा — त्याचे बाबा गेल्यापासून घरात उभं असं दुसरं कुणी नव्हतंच म्हणा. रोज झाडू मारताना आडवा यायचा. म्हटलं, विकण्याआधी एकदा बघू तरी काय भानगड आहे. तर ऐक. केयूर इंग्लिशमध्ये शिकवतो म्हणून तुझ्या डोक्यात शिरत नाही. वाऱ्याच्या सरळ तोंडावर कुणीच जात नाही, केयूरसुद्धा नाही. तिरकं जायचं. हातातली विंग, ते फुगवलेलं शीड, जरा उंच धरायची, वजन टाचांवर, आणि नजर वर, वारा येतो तिकडे. तू पायाकडे बघतेस. पाय कुठे पळून जाणार आहेत? असं तिरकं थोडं जायचं, वळायचं, परत तिरकं. दर फेरीला चार हात वर सरकतेस. बोर्डाखालचं ते पातं अजून तुला पाण्याबाहेर उचलत नसेल तर नसू दे, त्याच्याशिवायही जमतं. मला तर महिन्याभरापूर्वीच—

काय? हो, म्हटलं मी अकरा रविवार. म्हणजे पहिले सात रविवार खरंच वाहून गेले. पुढच्यांचं... तुला काय करायचंय गं? बरं, केयूरला सांगणार नसलीस तर सांगते. त्या टोकाला एक बंगली आहे, निळ्या फाटकाची, बघितलीस? तिथे कुंडलिकराव असतात. बंगली शेठची, हे राखण करतात, झाडांना पाणी घालतात. पूर्वी आमच्याच विक्रोळीत कारखान्यात होते, माझ्या शाळेच्या भिंतीपलीकडे — तीस वर्षं माझी शिट्टी ऐकली म्हणाले, तोंड मात्र इथे बघितलं. मी पहिल्यांदा नाकातोंडात पाणी जाऊन तिथे लागले, तर काही विचारलं नाही, हसले नाहीत. टॉवेल दिला, गवती चहा दिला. दुसऱ्या रविवारी टॉवेल आधीच फाटकावर टाकलेला. मग सांग, आठव्या रविवारी मला वर चढता यायला लागलं, तर मी काय करायचं? टाचा सोडल्या आणि गेले वाहून. एकदा तर वाराच नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं — बोर्डवर पालथी पडून हाताने वल्हवत गेले. हात मोडून आले. आणि हा माणूस टॉवेल पुढे करून म्हणतो काय, आज वारा फारच होता बाई.

मग गेल्या रविवारी वाट लागली. वारा असा झकास लागला होता की मी विसरलेच. त्यांच्या फाटकासमोरच वळले आणि दोन फेऱ्यांत तरातरा वर. बोर्ड पाण्यातून वर उचलला गेला, खालून आवाज बंद, काय सांगू तुला. आणि मागे बघितलं तर हे टॉवेल घेऊन उभे. मी आले परत, मुद्दाम पडले, पण आता काय उपयोग. चहा दिला. टॉवेलची घडी करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला वर जाता येतंय की, बाई. मग आता इकडे कशाला याल."

चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, चहा पीत बसले. एवढंच म्हणायचं होतं, की येईन. पण म्हटलंच नाही.

आज शेवटचा रविवार. उद्या केयूर तंबू गुंडाळणार, पावसाळा संपून ऑक्टोबर उजाडेपर्यंत सगळं बंद. इतके दिवस वाऱ्यावर ढकलता येत होतं. आज गेले तर मुद्दामच गेले, त्याला दुसरा अर्थ नाही, आणि ते त्यांनाही कळणार. भीती वाटते गं. समुद्राची नाही वाटली कधी. वारा? वारा कधीचा आलाय, ते झेंडे बघ ना. दीड तास झाला मी इथे वाऱ्याची वाट बघत बसलेय.

असं बघू नकोस माझ्याकडे. ऊठ. हो, ऊठ बोर्डवरून — नाही, थांब, बोर्ड तूच घे. तुझ्या बोर्डापेक्षा रुंद आहे, डगमगणार नाही. विंगपण घे. मला नको आज. टाचा, आणि नजर वर, लक्षात ठेव. चल, पाण्यात. माझी चप्पल कुठे गेली? असू दे, अनवाणी बरं.

केयूरने विचारलं तर सांग, बाई वाहून गेल्या. नको. चालत गेल्या म्हणून सांग.