एकोणीस घरांची चूल

(न्यूझीलंड, ऑकलंडचं माउंट रॉस्किल उपनगर, जुलै २०१५, शनिवारची संध्याकाळ. वासंती आणि मधुकर घरी. त्यांची मुलगी वल्लरी ग्रीसमधल्या अथेन्सहून फोनवर. स्पीकर चालू.)

वल्लरी: पण तिकीट काढायच्या आधी मला विचारायचं ना, आई.

वासंती: पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काय? बाबांनी मंगळवारचं काढलंय, खिडकीजवळचं. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी बरोबर घे.

मधुकर: तुझ्या कार्डावर तिकडून निघालंच नसतं, वल्लू. बँका बंद, पैसा देशाबाहेर जात नाही. आणि सातवा सरत आलाय. नंतर विमानात घेणार नाहीत तुला.

वल्लरी: माहितीय, बाबा. डेस्पिना आत्ता मशीनच्या रांगेतच उभी आहे. दिवसाला साठ युरो, तेही मशीनमध्ये असले तर.

वासंती: सासूला अजून नावानेच हाक मारतेस?

वल्लरी: इथे चालतं गं. बरं, त्यांनी परवा काय केलं ऐक. खात्यात होतं नव्हतं त्याचे कार्डावर दोन फ्रिज घेऊन आल्या. नोटा रातोरात बदलल्या तरी फ्रिज फ्रिजच राहतो, म्हणाल्या. हॉलमध्ये उभे आहेत दोघे, पाहुण्यांसारखे.

वासंती: एवढा जुना देश, आणि स्वतःच्या नोटा छापता येत नाहीत?

मधुकर: पूर्वी छापायचे. आता एकोणीस देशांचं एकच चलन. कर्ज मात्र ज्याचं त्याच्या डोक्यावर.

वासंती: म्हणजे एकोणीस घरांची चूल एक. आणि यांचं सरपण संपलं.

वल्लरी: बाकीचे म्हणतात, तुम्ही आधी हात शेकून घेतलेत.

मधुकर: उद्या मतदान आहे त्यांचं. कर्जाच्या अटी नाकारल्या तर कदाचित चुलीपासूनच उठवतील.

वासंती: मग तू कशी राहशील तिथे? औषधं, दूध... ये गं बाई. जावईबापूंचंही काढतो तिकीट.

वल्लरी: स्टाथिस नाही येणार. चार महिने पगार नाही, पण इथून हलला तर नोकरीही नाही. आणि त्याची आई एकटी.

वासंती: तर तू ये. त्या नको म्हणतात का?

वल्लरी: त्या जाच म्हणतात. बॅगसुद्धा त्यांनीच भरली.

वासंती: मग अडलंय कुठे?

वल्लरी: तिथेच. वरच्या मजल्यावरची सून गेली, समोरची मुलगी जर्मनीला गेली. जिन्यात कुणाची बॅग वाजली की त्या खिडकीत जाऊन बसतात, बोलत नाहीत. माझी बॅग भरताना मात्र गुणगुणत होत्या. मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने. अडवलं असतं तर भांडून आले असते, आई.

वासंती: मीच आले असते गं तुझ्याकडे.

मधुकर: जा ना. मी राहीन.

वासंती: राहाल. सोमवारी डायलिसिसला कोण नेईल?

मधुकर: बस आहे.

वासंती: जाताना आहे. येताना उभं राहवतं का तुम्हाला?

वल्लरी: आई, एक ऐकशील? परत ये म्हणू नकोस. आणखी एकदा म्हणालीस तर मी निघेन.

वासंती: नाही म्हणत. पाय वर घेऊन बस. सूज आहे का?

वल्लरी: थोडी. त्या आल्या वाटतं, दार वाजतंय. ठेवते.

मधुकर: ठेवला तिने.

वासंती: हं.

मधुकर: उद्यापर्यंत रद्द केलं तर थोडे पैसे परत मिळतील. करू?

वासंती: नको.

मधुकर: ती येणार नाही, वासंती.

वासंती: कळलंय मला. पण जागा तिच्या नावाची आहे ना? रिकामी तर रिकामी, येऊ दे इकडे.