घोटभरही नाही

हाताला प्लास्टर घालून घ्यायला आलेली शिक्षिका दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारीच डॉक्टर एका धावपटूच्या आईशी बोलत होते.

"शर्यतीत पाणी किती प्यायला?"

"टप्प्याटप्प्यावर. तहान नसली तरी पी, असं मीच बजावलं होतं."

"घरी आल्यावर?"

"डोकं दुखत होतं, उलटी झाली. ऊन लागलं समजून मी आणखी बाटलीभर पाजलं. मग मला ओळखेचना हो!"

"इतक्या पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ झालंय, मेंदूला सूज आलीय. आता घोटभरही द्यायचं नाही."

"वाचेल ना?"

"मीठ चढवतोय. आत्ताच शब्द देता येणार नाही."

हे ऐकून शिक्षिकेनं चांगल्या हातानं मोबाईल काढला. तिनं घरी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, शर्यतीवरून आल्यापासून धाकटी डोकं धरून झोपली होती, उठली का?"

"उठली, पण काहीतरीच बडबडतेय. पाणीच पाजतोय."

"पेला खाली ठेवा! तिला उचला आणि इकडे घेऊन या!"