पपनसाचा पहिला बहर

नौपाड्यातल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या सुमतीशेजारी दोघी नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, आईनं परसातलं पपनस तोडवलं का हो?"

"मी तोडू दिलं नाही, वन्सं. फुलं यायची आणि गळून जायची, म्हणून सासूबाई म्हणाल्या, वांझ झाड कशाला ठेवायचं. तो शब्द मला झोंबला. कळव्याहून सातेरी मधमाश्यांची पेटी आणवली आणि झाडाखाली ठेवली."

"दारात माश्या? डसल्या नाहीत?"

"डसल्या की. पण बहरात फुलाफुलावर फिरल्या. आता फांद्यांना टेकू लावलेत."

"आणि आई?"

"पहिलं पपनस मीच उतरवलं, तर म्हणाल्या, आधी तू खा."

"गोड होतं?"

"तुम्हीच बघा."

वहिनींनी डब्यातून सोललेल्या फोडी काढल्या. एक नणंदेला दिली, दुसरी अनोळखी सुमतीच्या हातावर ठेवली.