मशीनच्या पायाशी

(शिवणकामाचं लहानसं दुकान. दुपार. दार सरळ रस्त्यावर उघडतं.)

धाकटी : ते दिसतंय मला, नाडी आहे ते. हिच्या पायाला का बांधलीय, ते विचारतेय.

ताई : आधी आत ये. पंख्याखाली बस. घामाघूम झालीयेस.

धाकटी : माझ्या मुलीचा पाय तू मशीनच्या पायाला बांधून ठेवलायस, आणि मला बस म्हणतेस?

भिंगरी : आई, बघ ना, मला इथपर्यंतच जाता येतं. मग ओढ बसते.

धाकटी : सोडते हं राणी. ही गाठ का सुटत नाहीये मेली!

ताई : उलट्या बाजूने ओढ. सैल आहे. दोन बोटं जातील एवढी...

धाकटी : दोन बोटं. माहितीये मला. मला नको सांगूस तू किती सैल ठेवतेस ते.

भिंगरी : तुलापण बांधायची मावशी?

धाकटी : तू जरा ती बटणांची बरणी घे पाहू. रंग वेगळे कर.

भिंगरी : सगळे?

धाकटी : तुला वाटतील तेवढे.

ताई : "तुला वाटतील तेवढे." ऐक स्वतःचं. बटणं निवडायलासुद्धा तिची मर्जी!

धाकटी : विषय बदलू नकोस. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीवर बसून लोकांची नावं लिहिते मी. एकच समाधान असतं, पोर माझ्या बहिणीकडे आहे, परक्याकडे नाही. आज लवकर सुटले म्हणून कळलं तरी. रोज बांधतेस का हिला?

ताई : आज पहिल्यांदा. अकरा वाजता ही रस्त्यावर पळाली.

धाकटी : काय?

ताई : मी इस्त्री करत होते, ही दारात. आत ये म्हटलं, आली नाही. धरायला उठले तर ही हसली आणि सुटली. मी मागे, ही पुढे. मी जेवढी जोरात धावते, तेवढी ही खिदळते. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. या टेबलाएवढंही अंतर नव्हतं गं.

धाकटी : अगं बाई! मला फोन का नाही केलास?

ताई : आकडे दाबता येईनात.

धाकटी : भिंगरी, इकडे बघ. तू रस्त्यात गेलीस?

भिंगरी : मावशी मला पकडत होती! आंघोळीच्या वेळी तू पकडतेस ना, तशी. पण मावशीला पळताच येत नाही.

ताई : ऐकलंस?

धाकटी : आम्ही खेळतो तसं. आंघोळ, दात, जेवण... रागवायला नको म्हणून पकडापकडी. दमली की येते आपोआप.

ताई : टेम्पो थांबतो का ती दमेपर्यंत?

धाकटी : तू नको शिकवूस मला! तू तरी नकोच. ही पोटात होती ना, तेव्हाच ठरवलं होतं मी, हिला उठसूट "नाही" म्हणायचं नाही. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही लहानपणी. खिडकीत जाऊ नको, मोठ्याने हसू नको, रडू नको. सात वर्षांची होईपर्यंत तुझ्या मशीनला बांधलेली होते मी. शाळेतून आलं की दप्तर खाली आणि पाय पुढे. शेवटी शेवटी तर मीच पुढे करायचे, तू सांगायच्या आधी.

ताई : हं.

धाकटी : हं काय? का बांधतेस ते एकदा तरी सांगितलंस? मला वाटायचं, मीच वाईट आहे. आई गेली, तीही माझ्यामुळेच.

ताई : अगं वेडे! असलं काय डोक्यात घेऊन बसलीस?

धाकटी : चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यात दुसरं काय येणार, ताई?

ताई : आई गेली, त्याच महिन्यातली गोष्ट. तू दिसेनाशी झालीस. मागच्या आवारात बघते तर टाकीच्या कठड्यावर बसलेली, पाय पाण्याकडे. दचकशील म्हणून हाक मारली नाही. मागून गेले आणि उचललं. त्या दिवशी बांधलं तुला. बाबा कामावर, आणि संध्याकाळपर्यंत दोन डझन कॉलर लावून द्यायच्या. सतरा वर्षांची होते मी. तुला काय समजावणार होते? मलाच काही समजत नव्हतं.

धाकटी : टाकीचं कधी बोलली नाहीस.

ताई : घाबरली असतीस.

धाकटी : तशीही घाबरायचेच की. तुला.

ताई : हं... उद्यापासून हिला आणू नकोस इकडे.

धाकटी : आता तू रुसू नकोस.

ताई : रुसत नाहीये गं. मला भीती वाटतेय. टेम्पोची नाही, माझी मलाच. हिला आत आणलं, खाली बसवलं, आणि भानावर आले तेव्हा गाठ मारून झाली होती. सव्वीस वर्षं झाली, हात काही विसरले नाहीत. हिला चांगल्या ठिकाणी ठेव. मला जड जाईल, पण ठेव.

भिंगरी : आई, एक बटण बाहेर पायरीवर गेलं. आणू?

धाकटी : नाही.

भिंगरी : पटकन येते.

धाकटी : नाही म्हटलं ना. इकडे ये.

भिंगरी : मग पकड मला!

धाकटी : मी धावणार नाही. आजपासून रस्त्याच्या जवळ पकडापकडी बंद. दारात आलं की मावशीचा हात धरायचा, सोडायचा नाही. घरी दार लावून घेऊ आणि मग हवी तेवढी पळ.

भिंगरी : तू रागावलीस?

धाकटी : हो. आणि खूप घाबरलेपण. तू गाडीखाली आली असतीस.

भिंगरी : मला नाही आवडत तू अशी.

धाकटी : नाही आवडले तरी चालेल. ये, मांडीवर ये.

ताई : अगं, रडायला लागली ती. आणू का मी ते बटण?

धाकटी : नको. रडू दे. मी धरलंय ना तिला.

ताई : तू रडायचीस, तेव्हा मी मशीन आणखी जोरात चालवायचे.

धाकटी : माहितीये. पाय नव्हता गं दुखत, ताई. तू वळून बघायची नाहीस, ते दुखायचं.

ताई : बघितलं असतं तर सोडलं असतं तुला. आणि सोडलं असतं तर... चुकलं माझं. तुझ्या बाबतीत चुकलं आणि आज हिच्याही.

धाकटी : बघ, शांत झाली. डोळे मिटतायत तिचे.

ताई : सतरंजी घालते खाली.

धाकटी : राहू दे, अशीच झोपू दे. उद्या साडेनऊला आणते हिला.

ताई : मी काय म्हटलं ते ऐकलं नाहीस का?

धाकटी : ऐकलं. दाराला खालून अर्धी फळी लावून घेऊ, जाताना सुताराला सांगते. पकडापकडी आता फक्त घरात, दार लावून. आणि तुझे हात पुन्हा तसे चालायला लागले, तर मला फोन कर.

ताई : तू खिडकीवर असतेस. समोर रांग असते.

धाकटी : रांग थांबेल. तेव्हासुद्धा कुणाला तरी बोलवायचंस ना, ताई.

ताई : कुणाला बोलावणार? घरात तूच होतीस.

धाकटी : आता मोठी झालेय की मी. हाक मारून तर बघ.