विहिरीजवळच्या दोन ओळी

(आंजीचं शेत. सकाळ. मनकर्णा वांगी तोडते आहे. नालवाडीला दिलेली तिची लेक उज्वला माहेरची भाजी न्यायला आली आहे.)

मनकर्णा : तिकडची नको तोडू वो बाई, ते बजाराचं आहे. तुयी थैली विहिरीजवळच्या दोन ओळीतून भर.

उज्वला : माहीत आहे मले. हे बजाराचं कधी फवारलं?

मनकर्णा : काल. तुया भावानं, गोपालनं.

उज्वला : अन् आज तोडून राह्यली तू?

मनकर्णा : मंग काय करू? उद्या बजार आहे.

उज्वला : औषधाच्या डब्यावर लिहून राह्यते, इतके दिवस थांबा म्हणून.

मनकर्णा : लिहिणाऱ्याचं काय जाते? वांगं थांबते का? निबर झालं का तुमच्या नालवाडीच्या बाया हातात घेतात अन् परत ठेवून देतात.

उज्वला : त्याच बायांतली माह्या शेजारची छाया आहे, आई. मॉलमधली भाजी नाई आणत ती. कापडी थैली घेऊन बजारात येते, गोपालजवळूनच घेते. म्हणते, उज्वलाच्या माहेरची आहे, पाहाचं काम नाई.

मनकर्णा : चांगली आहे बिचारी.

उज्वला : परवा माह्यासमोर लेकराले वांगं-भात चारून राह्यली होती. एवढंसं पोरगं. म्हणे, तुया आईले सांगजो, भाजी लय गोड आहे. मले खरं सांगाचं होतं, पण मी तशीच उठून घरी आली.

मनकर्णा : काय सांगणार होती तू?

उज्वला : आपण घरचं वेगळं, बिनऔषधाचं काऊन लावतो, ते.

मनकर्णा : सारेच लावतात, विचार गावात. मागच्या साली तुयं ऐकून औषध बंद केलं ना मी? निंबोळीचा अर्क मारू मारू हात सोलले. तरी भोकं पडलीच. एकेक बाई ये, वांगं उलटवून पाहे, ठेवून दे. एक मास्तरीण म्हणे, बिनऔषधाचं पाहिजे, पण किडकं नको. टोपलं तसंच घरी आणलं, गाईपुढं टाकलं. आता जीवच नाई राह्यला, उज्वला. कंबरही नाई अन् जीवही नाई.

उज्वला : मी भांडाले नाई आली वो. थकली मीही. माह्या हर्षितले वाढतानी छायाच्या पोराचं तोंड दिसते. लाज वाटते मले.

मनकर्णा : अवं, हे काय करून राह्यली? फवारलेलं आहे ते, सांगतलं ना!

उज्वला : माह्या घरी हेच नेईन. विहिरीजवळचं छायाले देईन.

मनकर्णा : अन् हर्षित? माह्या नातवाले हे चारशीन?

उज्वला : बजारातलंही कोणाच्या तरी नातवाच्याच ताटात जाते ना, आई?

मनकर्णा : ठेव ते खाली. ठेव म्हटलं ना. दुसरी थैली आहे का? दोन्ही विहिरीजवळूनच भर. तिची अन् तुयी. बाकीच्यांचं मले नको विचारू, माह्या हाती नाई ते.

उज्वला : दोन थैल्या भरल्या तर ओळीत काय उरते? तू अन् बाबा काय खासान?

मनकर्णा : बजाराचं खाऊ. तोड लवकर, तुयी गाडी निघून जाईन.